रिंग ते रॅक

१९९५ च्या मार्चआधी दलाल स्ट्रीटवर कामाला जायचे तर घसा खणखणीत लागे. मुंबई शेअर बाजाराच्या फिरोज जीजीभॉय टॉवरमधल्या रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या आखाड्यात, जॉबर खरेदीचा आणि विक्रीचा भाव एका दमात ओरडत. खाणाखुणांनी सौदा पटे आणि छोट्याशा वहीत पेन्सिलीने टिपला जाई. मग पेढ्यांवरचे कारकून त्या नोंदी समोरच्या दलालाच्या नोंदींशी ताडून पाहत. गिरगाव-डोंबिवलीहून येणारी मराठी मंडळी त्यांत बरीच असत. नोंदी जुळल्या तरी सर्टिफिकेटसोबतची सही कंपनीच्या दफ्तरातल्या सहीशी जुळेल याची खात्री नसे. ‘बॅड डिलिव्हरी’ हा पेढ्यांवरचा रोजचा शब्द होता.

हा बाजार जगाशी जोडला गेला तो मात्र संगणक येण्याच्या कितीतरी आधी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात पैसा खुळखुळू लागताच कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या त्या जमान्यात समुद्र बुजवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर उड्या पडल्या. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे पेढ्या बुडाल्या. टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी रीतसर संघटना बांधली ती त्यानंतर, १८७५ मध्ये. जागतिकीकरण हा शब्द १९९१ नंतर रुळला. त्याचा ताप मुंबईने सव्वाशे वर्षे आधीच भोगला होता.

रिंग संपली ती १९९२ च्या हर्षद मेहता शेअर घोटाळ्याच्या पडसादांत. पारदर्शक व्यवहारांसाठी उभारलेल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये ३ नोव्हेंबर १९९४ ला शेअरचे सौदे सुरू झाले. तिथे रिंग नव्हतीच. दलालाच्या छपरावर उपग्रहाशी बोलणारी थाळी आणि टेबलावर पडदा, एवढ्यावर काम भागे. वर्षभरात या नवख्या बाजाराची उलाढाल जुन्या बाजाराला मागे टाकून गेली. जुन्यानेही १४ मार्च १९९५ ला ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आणली. १९९६ मध्ये कागदी सर्टिफिकेटऐवजी संगणकात शेअर नोंदवणारे डिमॅट आले आणि सह्या जुळवणाऱ्यांचे कामच आटत गेले.

आता अंतर संपले, असे तेव्हा म्हटले जाई. सांगलीतला दलाल मुंबईतल्या दलालाइतक्याच वेगाने सौदा करू लागला, हे खरेच. पण मग सांगलीकराला पुण्याचा शेअर बाजार कशाला हवा? देशात वीसच्या आसपास प्रादेशिक बाजार होते. ते ओस पडले आणि बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१२ च्या धोरणानंतर एकेक करून बंद झाले. पुण्याचाही गेला. गावोगावचे सौदे मुंबईच्या यंत्रांत येऊन पडू लागले. ज्या तंत्राने शहराची गरज उरणार नव्हती, त्यानेच शहराचे वजन वाढवले.

शहराच्या आत मात्र जागा बदलली. फोर्टमधल्या गल्ल्यांची सद्दी ओसरली आणि मिठी नदीकाठच्या दलदलीवर वसवलेले वांद्रे-कुर्ला संकुल पैशाचे नवे ठाणे झाले. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजही तिथेच गेले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल वर येतात. खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात, जिथे एके काळी कारखान्यांचा राबता होता, तिथे डेटा सेंटर उभी राहिली. अशा भल्यामोठ्या इमारतीला वीज भरपूर लागते, पाळीला येणारी माणसे मात्र मोजकीच.

आणि अंतर? ते परत आले. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे मीटरमागे पाच नॅनोसेकंद. माणसाला ते जाणवतही नाहीत, पण आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रामला जाणवतात. म्हणून मोठ्या पेढ्या आपले सर्व्हर बाजाराच्याच इमारतीत भाड्याने ठेवतात. त्याला को-लोकेशन म्हणतात. तिथेही कुणाचा रॅक मुख्य यंत्राजवळ, कुणाचा लांब. पूर्वी रिंगमध्ये मोक्याच्या जागेसाठी कोपर लावावे लागे. आता जगातल्या अनेक बाजारांत सर्वांना एकाच लांबीची केबल देतात, आणि ज्याचा रॅक जवळ, त्याची उरलेली केबल वेटोळे घालून तिथेच ठेवून देतात.