वहीत न दिसणारं कर्ज

मागच्या व्याख्यानात आपण कराचा विचार केला. आज सरकारी कर्जाकडे वळू. उदाहरण घेऊ निर्मला सीतारामन यांच्या १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाचं.

त्याआधी काही वर्षं रेशनच्या धान्याचं पूर्ण अनुदान सरकार अर्थसंकल्पातून देत नव्हतं. अन्न महामंडळाला कमी पडलेली रक्कम राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्जाऊ मिळे. हा पैसा कुणाचा? आपण पोस्टात, पीपीएफमध्ये ठेवतो तोच! खर्च सरकारचा, शेवटी फेडणारंही सरकारच. पण कर्ज महामंडळाच्या नावावर, त्यामुळे तुटीत ते दिसायचं नाही. कर्त्यानं उसनवारी मुलाच्या नावावर लिहावी आणि आपण कर्जमुक्त म्हणून मिरवावं, तशातला प्रकार.

सीतारामन यांनी ही पद्धत बंद करायचं ठरवलं. २०२०-२१ ची तूट जीडीपीच्या ३.५ टक्के धरली होती, सुधारित अंदाज ९.५ टक्क्यांवर गेला. कोविड होताच, पण हा हिशेबही त्यात आला. याचं श्रेय आम्ही मोकळेपणानं देतो. मात्र त्याच वर्षी जीएसटी भरपाईच्या तुटीपोटी केंद्रानं उचललेलं १.१ लाख कोटींचं कर्ज राज्यांच्या खाती पडलं, हेही विसरू नये.

आता प्रश्न संमतीचा. राज्यघटनेचा अनुच्छेद २९२ म्हणतो, केंद्राच्या कर्जाला संसद कायद्यानं मर्यादा घालू शकते. पण खासदारासमोर आकडाच नसेल, तर तो हात कशासाठी वर करतो?

अर्थसंकल्पाबाहेर उभारलेल्या पैशाचं वेगळं विवरणपत्र असतं. पुढच्या वेळी येताना ते जरूर बघून या.