न विकलेल्या मालाचा तोटा

पुनावळे परिसरात नवी गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्यामागोमाग टाइल्स, रंग, नळजोडणीच्या साहित्याची दुकानेही आली. अशा पेढ्यांवर वाढलेली मुले वाणिज्य महाविद्यालयात जातात, तेव्हा कीर्द-खतावणी त्यांना घरूनच ठाऊक असते. वित्तीय लेखांकनाच्या पुढील टप्प्यात मात्र कसोटी लागते ती मालसाठ्याच्या मूल्यांकनाने.

१९८१ साली निघालेले व १९९९ मध्ये सुधारलेले लेखा मानक २ सांगते की, शिल्लक माल खरेदीमूल्य आणि निव्वळ वसुलीमूल्य यांपैकी जे कमी असेल, त्या दराने दाखवावा. समजा, ६०० रुपयांना घेतलेले टाइल्सचे १०० बॉक्स डिझाइन जुने झाल्याने पडून आहेत. आज बॉक्समागे ४५० रुपये येतील. विक्रीची दलाली २० रुपये वजा जाता हाती ४३०. म्हणजेच १७,००० रुपयांचा तोटा यंदाच मांडावा लागतो.

“माल विकलाच नाही, मग तोटा कसला?” असे घरातील वडीलधारे विचारतात. परंतु साठा ६०,००० रुपयांचाच धरला, तर नसलेला नफा भावाभावांत वाटला जातो आणि भांडवल नकळत झिजते. मार्चअखेर गोदाम मोजताना मुलाने वा मुलीने हा विषय काढला, तर तो उद्धटपणा समजू नये. पेढीचे हित त्यातच आहे.