पित्याला ‘तू’ म्हणण्याचा अधिकार

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक रीत चालत आली. आईला ‘अगं’ म्हणावयाचे आणि वडिलांना ‘अहो’. आईशी भांडावे, रुसावे, तिच्या पदराशी झोंबावे. वडिलांपुढे मात्र शब्द तोलून बोलावे, आणि काही मागावयाचे झाले तर ते बहुधा आईच्याच मार्फत मागावे. पत्राच्या मायन्यात वडील ‘तीर्थरूप’ होत आणि त्यांना शिरसाष्टांग नमस्कार जात असे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपली घराणी स्थिरावली तेव्हा पंचांग आणि पुरणयंत्राबरोबर ही रीतही त्यांच्यासवे आली. आज पुष्कळ घरांत मुले वडिलांना ‘अरे बाबा’ अशी हाक मारतात. पण आपल्यातील वडीलधाऱ्यांना जुने ‘अहो’ अजून आठवत असेल.

देव मात्र या रीतीतून सुटला. त्याला आपण ‘तू’ म्हणतो. पंढरीच्या पांडुरंगाला संतांनी विठाई केले, माउली म्हटले. याचे कारण उघड आहे. ज्याच्याजवळ हट्ट करावयाचा, त्याला आईच्या जागी बसविल्याखेरीज मराठी मनाला चैन पडत नाही.

ख्रिस्ती धर्मातील ईश्वराच्या वात्सल्याचा विचार करताना हा भेद लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे, असे आम्हांस वाटते. येशूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, ती मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आली आहे. तिच्यात ईश्वराला ‘पिता’ म्हणून हाक आहे, आणि मराठी मंडळींच्या मुखी ती प्रार्थना येते तेव्हा त्या पित्याला ‘तू’ म्हटलेले असते. जुन्या मराठी घरात जे दोन शब्द सहसा एकत्र नांदले नाहीत, ते येथे शेजारी येऊन बसतात.

घरातला शब्द

येशूची रोजची बोली अरामी होती. त्या बोलीत वडिलांना ‘अब्बा’ म्हणत. लहान मुले म्हणत तशी थोर मुलेही म्हणत. हा घरातला शब्द होता. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, तरी हा एक शब्द लेखकांनी तीन ठिकाणी मूळचा तसाच राहू दिला. मार्काने तो येशूच्या मुखी ठेवला आहे, आणि पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तो सर्व श्रद्धावंतांच्या मुखी दिला आहे. पौलाचे म्हणणे असे की, श्रद्धावंत हा देवाच्या घरातला दास नसून दत्तक घेतलेले अपत्य आहे. म्हणून त्याने भीत भीत न बोलता मुलाच्या अधिकाराने हाक मारावी.

ही कल्पना येशूच्या पूर्वीही यहुदी धर्मग्रंथांत होती. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आपल्या प्रजेला हाताला धरून चालावयास शिकविणारा पालक आहे. यशया तर त्याला आईची उपमा देतो. एखादी आई आपल्या अंगावरच्या लेकराला कदाचित विसरेलही, पण देव विसरणार नाही, असा त्याचा आशय आहे. पुढे येशूनेही यरुशलेमेविषयी बोलताना पिलांना पंखांखाली गोळा करणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला. तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या ‘पित्या’त आईचे काळीज प्रारंभापासूनच आहे.

लूकने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. आपला वाटा मागून घेऊन धाकटा मुलगा परदेशी जातो, सारे उडवितो, डुकरे राखण्याची वेळ आल्यावर घरी परततो. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत जाऊन गळ्याशी धरतो. त्या काळच्या समाजात वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थ रस्त्याने धावत नसे, असे अभ्यासक सांगतात. गोष्टीतला बाप आपली प्रतिष्ठा सोडून धावला, आणि मुलाने मनात घोकून ठेवलेले क्षमेचे भाषण पुरते ऐकूनही घेतले नाही. आपल्याकडे असे फक्त आई करते!

मराठीने काय केले

ही शिकवण मराठीत आली तेव्हा आपल्या भाषेने तिला आपला साज चढविला. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने १६१६ साली रायतूर येथे छापून घेतलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे, आणि स्वर्गाला त्याने आपला ‘वैकुंठ’ हा शब्द योजला आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त माउली होऊन येतो, तो याच वाटेने. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि ती गाताना वारकऱ्याला परके वाटू नये अशीच त्यांची भाषा आहे.

पिता आहे, तर दुःख का?

येथे कोणीही विचारील असा प्रश्न उभा राहतो. देव जर पिता आहे आणि मुलाने भाकर मागितली असता तो धोंडा देत नाही, तर श्रद्धावंतांच्या घरी अकाली मृत्यू, दुष्काळ, रोग हे का येतात? हा प्रश्न टाळून वात्सल्याच्या गोष्टी सांगणे म्हणजे रडत्या मुलाच्या हाती खुळखुळा देणे होय.

शुभवर्तमानाने हा प्रश्न टाळलेला नाही. पित्यावाचून एक चिमणीही भूमीवर पडत नाही, असे येशूने सांगितल्याचे मत्तय लिहितो. नीट पाहिले तर चिमणी पडतच नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. ती पडते तेव्हा पित्यावाचून पडत नाही, एवढेच आश्वासन आहे. आणि मार्काने ‘अब्बा’ हा शब्द येशूच्या मुखी कोठे ठेवला आहे? गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री. दुःखाचा प्याला टळावा, अशी त्याने पित्याला गळ घातली. प्याला टळला नाही. म्हणजे हा लडिवाळ शब्द सुखाच्या नव्हे, तर अत्यंत संकटाच्या क्षणी उच्चारला गेला आहे.

या शिकवणीचा कस लागलेला पाहावयाचा असेल तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे वळावे. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या आईने मुलीला. १८७४च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघेही काही महिन्यांच्या अंतराने गेली. अंतकाळी दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन तिचे मस्तक कुरवाळले आणि आपण तिला देवाच्या हाती सोपविले आहे, असे सांगितले. ही आठवण रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेविली आहे. पुढे १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली विवाहास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच पती गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अनाथपण म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्याच आत्मनिवेदनात त्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा उल्लेख करतात. प्रशियात जन्मलेल्या या गृहस्थाने १८३६ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी अनाथ मुलांचे पहिले घर उघडले. कोणाही माणसाकडे पैसा मागावयाचा नाही आणि कर्ज काढावयाचे नाही. गरज पित्याला सांगावयाची, असा त्याचा नेम होता. कामाचे अहवाल तो छापी, परंतु याचना करीत नसे. १८९८ साली तो वारला, तोवर दहा हजारांवर मुलांचा सांभाळ तेथे झाला होता. ही चरित्रे वाचून रमाबाईंच्या मनात आले की, अन्य देशांत जसा विश्वास ठेवता येतो, तसा तो हिंदुस्थानात का ठेवता येऊ नये?

परीक्षा लवकरच आली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने व्याकूळ झालेल्या शेकडो मुली व विधवा यांना आणून पुण्याजवळच्या केडगावी त्यांनी आश्रय दिला. १८९९-१९००च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणतात, तेथूनही मुली आल्या. त्यांच्यात बालविधवा होत्या. ज्यांनी नकळत्या वयात लग्न लावून दिले आणि वैधव्य येताच ज्यांच्या घराचे दार बंद झाले, अशा वडिलांच्या मुलींना ‘देव तुझा पिता आहे’ हे वाक्य नुसते सांगून काय कळणार? ‘मुक्ती’ सदनात ते भाकरीने सांगितले गेले. अंगावर धड वस्त्र, हाताला काम, डोळ्यांना अक्षरे. शेती, विणकाम आणि छापखाना, सारे मुली व बायकाच चालवीत. अंध मुलींच्या शिक्षणाचीही तेथे सोय झाली. मायेचा स्पर्श आधी झाला, म्हणून ‘पिता’ या शब्दाला अर्थ आला.

साध्या बायकांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे भाषांतर केले. ते काम चालू असतानाच १९२१ साली मनोरमा गेली. भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्यांचेही देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

एक बहुवचन

या सर्वांतून काय घ्यावे? येशूच्या प्रार्थनेतील आणखी एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेथे पिता ‘माझा’ नाही, ‘आमचा’ आहे. आणि रोजची भाकर मागितली आहे, तीही ‘आम्हांस’. देवाला पिता म्हटले की, शेजारचा उपाशी मुलगा आपोआप भाऊ होतो. पित्याकडून मिळणाऱ्या प्रेमाचा लाभ एकट्याने घेता येत नाही, ही या नात्याची अट आहे. दुःख का येते, याचे उत्तर रमाबाईंना मिळाले होते की नाही, हे आम्ही कसे सांगावे? पण दुःखात कोणाला हाक मारावी आणि हाक मारून उठल्यावर कोणासाठी चूल पेटवावी, हे त्यांना पुरते उमगले होते.

ज्या घरांत विठाईचा गजर होतो, त्या घरांना हे वात्सल्य अनोळखी वाटू नये. ईश्वराला कोणी माउली म्हणो, कोणी पिता; खरे वात्सल्य ओळखण्याची खूण एकच. त्या घरी गेलेले अनाथ मूल परत दारात उभे राहत नाही.