परदेशातील खरेदी आणि दुकानदाराची घाई



सुट्टीत परदेशी सहलीला जाणारी कुटुंबं आता आपल्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागली आहेत. अनेकांची पहिली सहल थायलंडची असते. मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांत बँकॉक येतं आणि युरोपच्या मानाने खर्चही कमी. जाण्याआधी आपण विमानाचं तिकीट, हॉटेल, शाकाहारी जेवण अशा सगळ्याची चौकशी करतो. खरेदीची तयारी मात्र कोणी करत नाही. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतो, आणि वर्षभर पै-पै करून साठवलेले पैसे एका दुपारी एका दुकानात जातात. म्हणून आज बँकॉकचं उदाहरण घेऊन हा विषय नीट समजून घेऊ या. इतर देशांतही थोड्याफार फरकाने हेच चालतं.

जास्त भाव आणि फसवणूक यांत फरक आहे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. प्रत्येक जास्त भाव म्हणजे लबाडी नव्हे. बँकॉकच्या राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट आहे आणि थाई नागरिकाला प्रवेश मोफत आहे. हा दर सरकारी आहे, उघड लिहिलेला आहे. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार बाजाराचा. चातुचाकचा शनिवार-रविवारचा बाजार घ्या. तिथे विक्रेता पर्यटक बघून भाव चढवून सांगतो, आपण उतरवून मागतो. आपल्या आठवडे बाजारासारखंच. यात फार तर शे-दोनशे रुपये जास्त जातील. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आपल्याकडे जसं 'बोहनीची वेळ आहे' म्हणतात, तसं तिकडेही पहिल्या विक्रीला महत्त्व आहे. पहिली विक्री झाली की विक्रेते त्याच नोटा बाकीच्या मालावर हलकेच आपटतात. त्यामुळे सकाळी लवकर गेलं तर भाव जरा बरा मिळू शकतो.

तिसरा प्रकार धोक्याचा. इथे वस्तू काय, तिची खरी किंमत काय, हे तुम्हाला कळूच दिलं जात नाही आणि विचार करायला वेळही मिळत नाही. लेखाचा खरा विषय हाच आहे.

'आज राजवाडा बंद आहे'

बँकॉकमधली रत्नांची फसवणूक अनेक दशकं चालू आहे. अगदी प्रवास-मार्गदर्शिकांमध्येही तिची सूचना छापलेली असते, तरी लोक फसतात. का फसतात, ते तिच्या पायऱ्या पाहिल्या की कळतं.

पहिली पायरी : राजवाड्याच्या जवळपास एक नीटनेटका, सभ्य माणूस भेटतो. छान इंग्रजी बोलतो. म्हणतो, "आज सण आहे, राजवाडा बंद आहे. दुपारनंतर उघडेल."

दुसरी पायरी : "तोवर दुसरी देवळं बघून या" म्हणून तो टुकटुक थांबवतो. टुकटुक म्हणजे तिकडची रिक्षा. दोन-तीन ठिकाणं फिरवून आणायचे फक्त २० बाट!

तिसरी पायरी : एका शांत देवळात दुसराच कोणी गृहस्थ 'सहज' भेटतो. बोलता बोलता सांगतो की इथे सरकारी सवलतीत रत्नं मिळतात, मी मागे नेली होती, माझ्या देशात विकून चांगला नफा झाला. आणि आज त्या सवलतीचा शेवटचा दिवस आहे.

चौथी पायरी : टुकटुक त्याच दुकानापाशी थांबते. आत थंडगार हवा, थंड पेय, गोड बोलणं, छापील प्रमाणपत्र.

पाचवी पायरी : पैसे दिल्यावर दुकानदार म्हणतो, "बरोबर कशाला बाळगता? आम्ही तुमच्या घरी पार्सल करतो." म्हणजे थायलंडमध्ये असेपर्यंत ते खडे कोणाला दाखवून तपासता येत नाहीत.

घरी आल्यावर सराफ सांगतो की खडे हलक्या प्रतीचे किंवा कृत्रिम आहेत, आणि दिलेल्या किमतीच्या जवळपासही त्यांचं मोल नाही.

आता खरी माहिती बघा. राजवाडा साधारणपणे रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत उघडा असतो. तो बंद आहे की नाही हे तिकीट खिडकीवर जाऊन विचारायचं, रस्त्यावरच्या माणसाला नाही. थाई सरकार पर्यटकांसाठी रत्नांचं दुकान चालवत नाही, सरकारी रत्नविक्रीचा 'शेवटचा दिवस' वगैरे काही नसतं. थायलंडचा रत्नांचा व्यवसाय मात्र खरा आणि मोठा आहे. चांथाबुरी हे गाव माणिक आणि नीलम यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. खऱ्याची ख्याती मोठी असते म्हणूनच तिच्या आडून खोटं खपतं.

या सगळ्या प्रकारात भेटलेली माणसं एकमेकांना अनोळखी वाटतात. एकाने सांगितलं ते दुसऱ्याने आपण होऊन सांगितलं की आपला विश्वास बसतो. तिघेही एकाच साखळीचे असू शकतात, हे त्या क्षणी सुचत नाही.

उरलेले पैसे कोण देतं?

मुलांना आपण शिकवतो की गणित जुळलं नाही तर पायऱ्या पुन्हा तपासा. इथेही तेच करू. २० बाट म्हणजे फार तर साठेक रुपये. तेवढ्यात रिक्षावाला तास-दोन तास कसा फिरवेल? इंधनाचा खर्च तरी निघेल का? नाही निघत. मग उरलेले पैसे कोणीतरी दुसरं देत असलं पाहिजे. देतं ते दुकान. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल चालकाला इंधनाचं कूपन किंवा दलाली मिळते. ती दलाली शेवटी आपल्याच बिलातून वसूल होते.

स्वस्त सहलींचंही असंच आहे. मूळ खर्चाहूनही कमी दरात सहल विकायची आणि पर्यटकांना ठरावीक दुकानांत नेऊन दलालीतून भरपाई करायची, ही पद्धत आशियात बरीच फोफावली. चीनने १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू केलेल्या पर्यटन कायद्यात अशा सहलींना आणि सक्तीच्या खरेदीला बंदी घातली. थायलंडनेही २०१६ मध्ये चिनी पर्यटकांच्या अशा 'शून्य डॉलर' सहलींवर मोठी कारवाई केली. सरकारांना दखल घ्यावी लागली, यावरूनच या प्रश्नाचा आवाका लक्षात यावा.

म्हणून सहल ठरवतानाच विचारा : कार्यक्रमात खरेदीचे थांबे किती? प्रत्येक थांबा किती वेळाचा? दुकानात न जाता बसजवळ थांबलं तर चालेल का? उत्तर लेखी मागा.

दबाव कसा आणला जातो?

१. उपकाराचं ओझं : थंड पेय देतात, पन्नास वस्तू काढून दाखवतात. मग काही न घेता उठायला आपल्यालाच संकोच वाटतो. लक्षात ठेवा, दाखवणं हे त्यांचं काम आहे.

२. मोठा आकडा आधी : आधी ४०,००० बाट सांगायचं, मग 'तुमच्यासाठी' १५,००० वर यायचं. आपल्या डोक्यात २५,००० वाचल्याचा आनंद असतो. वस्तू १,५०० ची आहे का, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

३. शेवटची संधी : 'आजच', 'शेवटचा नग', 'उद्या भाव वाढणार'.

४. मानाला हात घालणं : "साहेब, बाईसाहेबांना आवडलंय, तुम्ही नाही म्हणता?" मुलांसमोर हे बोललं की वडील खिशात हात घालतातच.

५. वाट अडवणं : एकामागून एक विक्रेते येतात, शेवटी 'मालक' येतो. दाराकडे निघालो की भाव पुन्हा उतरतो.

पाचही युक्त्या बारकाईने पाहिल्या तर एकच सूत्र दिसतं. तुम्ही दुकानाबाहेर पडून शांतपणे विचार करू नये, एवढंच त्यांना हवं असतं. बाहेर पडलात तर दुसऱ्या दुकानात भाव विचाराल, मोबाईलवर बघाल, घरी फोन कराल. म्हणून नियम एकच आणि सोपा ठेवा : ठरवलेल्या रकमेच्या वरची कोणतीही खरेदी, दुकानाबाहेर दहा मिनिटं काढल्याशिवाय करायची नाही. जो सौदा दहा मिनिटं थांबत नाही, तो आपल्या फायद्याचा नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

तिप्पट करा. एक बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरतात. नेमका दर निघताना बघा, पण बाजारात मनातल्या मनात सरळ तिप्पट करा. ६५० बाट म्हणजे १,९५० रुपये. थोडं जास्तच धरलं जाईल, ते बरंच. परक्या चलनातले आकडे लहान दिसतात आणि हात सैल सुटतो, त्याला हा उपाय आहे.

दोन मर्यादा ठरवा. पूर्ण सहलीची खरेदी किती, आणि न विचारता एका वेळी किती. पती-पत्नींनी मिळून हे घरीच ठरवावं. मग दुकानात 'घरी विचारावं लागेल' हे वाक्य खोटं ठरत नाही.

ठरावीक भावाचं दुकान आधी बघा. मॉल किंवा सुपरमार्केटमध्ये किमतीची चिठ्ठी असते. सुका आंबा, बाम, कापडी पिशव्या यांचे भाव तिथे पाहून ठेवले की बाजारात कोण किती चढवतो ते कळतं.

कार्डाने पैसे देताना बाटच निवडा. यंत्रावर 'बाट की रुपये' असं विचारलं जातं. रुपये ओळखीचे म्हणून आपण तेच दाबतो. पण तो बदलाचा दर त्या यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो.

सोन्याचा हिशेब समजून घ्या. थायलंडमध्ये 'बाट' हे चलन आहे तसं सोन्याचं वजनही आहे. दागिन्याचा एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे दोन्ही सारखे नाहीत. तिथल्या सोन्याची शुद्धता ९६.५ टक्के असते. बँकॉकच्या याओवारात भागातल्या सराफी दुकानांत त्या दिवशीचा भाव फलकावर लावलेला असतो. वर मजुरी लागते, ती विचारून घ्या. जिथे भाव फलकावर नाही, तिथे सोनं घेऊ नका.

कर परतावा. 'पर्यटकांसाठी कर परतावा' अशी पाटी असलेल्या एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाटची खरेदी केली, तर पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घेता येतो. तो अर्ज परतताना विमानतळावर द्यावा लागतो, आणि खरेदी मोठी असेल तर वस्तूही दाखवाव्या लागतात. सुटी रत्नं या सवलतीत बसत नाहीत, हे विशेष लक्षात ठेवा.

दोन-चार शब्द शिका. 'थाओ राय?' म्हणजे केवढ्याला? 'लोत दाय माय?' म्हणजे कमी होईल का? 'माय आओ' म्हणजे नको. शेवटी आदरार्थी पुरुषांनी 'ख्राप' आणि स्त्रियांनी 'खा' जोडायचं. तिकडे आवाज चढवणं असभ्य समजतात. हसून 'नको' म्हणा आणि चालू लागा. कारण देत बसू नका. कारण दिलं की त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.

तरीही फसलो तर?

लाजेने गप्प बसू नका. थायलंड सोडण्यापूर्वी हालचाल करा, कारण घरी परतल्यावर पैसे मिळवणं फार अवघड होतं. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, तो चोवीस तास चालतो आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. बिल, दुकानाचं कार्ड, पाटीचा फोटो जपून ठेवा. वस्तू पार्सलने पाठवू देऊ नका, स्वतःजवळ ठेवा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेला त्याच दिवशी कळवा.

वर्गासाठी आणि घरासाठी उपक्रम

शेकडेवारी शिकवताना ही उदाहरणं वापरून बघा.

१. एका पिशवीचा भाव ६०० बाट सांगितला, घासाघीस करून ती ३६० ला मिळाली. सूट किती टक्के? (४० टक्के.) तीच पिशवी पुढच्या दुकानात चिठ्ठीवर २५० ला होती. मग किती टक्के जास्त दिले? (११० बाट, म्हणजे ४४ टक्के.) आता मुलांना विचारा : सूट मिळाली की नुकसान झालं?

२. १०,००० बाटची खरेदी. बँकेचा दर २.७० रुपये, यंत्राचा दर त्याहून ५ टक्के जास्त. फरक किती? (२७,००० आणि २८,३५०, फरक १,३५० रुपये.)

३. दोघांनी दुकानदार व्हावं आणि तिसऱ्याला काहीही करून वस्तू विकावी. तिसऱ्याने कारण न सांगता, हसून, तीन वेळा 'नको' म्हणायचं.

तिसरा उपक्रम पालकांनी घरीही जरूर घ्यावा. त्यात मुलं बहुधा आपल्यापेक्षा लवकर तयार होतात, आणि गावच्या जत्रेतही तो सराव उपयोगी पडतो.