जुन्या फियाटच्या चाकांना पावडर कोटिंग

पावडर कोटिंग म्हणजे धातूवर कोरड्या भुकटीने चढवलेला रंग. राळ, रंगद्रव्य आणि राळ कडक करणारे रसायन यांची ही भुकटी असते. थिनरचा त्यात पत्ता नसतो. गनमधून उडताना तिला साधारण 60 ते 100 किलोव्होल्टवर विद्युतभार दिला जातो. चाक अर्थिंगला जोडलेले असल्याने कण त्याकडे ओढले जातात आणि चिकटून राहतात. मग भट्टीत 180 ते 200 अंश सेल्सिअसला भुकटी वितळते, पसरते आणि तिचा सलग, टणक थर तयार होतो. लोखंडी कपाटे आणि खिडक्यांच्या ग्रिल रंगवायची रीतही हीच.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेल्या फियाट 1100 डिलाइटची, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीची, 14 इंची चाके साध्या पोलादी पत्र्याची आहेत, त्यामुळे या कामाला ती सोयीची. या गाडीच्या मुंबईतल्या टॅक्सी 2023 मध्ये बंद झाल्या. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र अजून फिरतात. समुद्राची खारी हवा आणि दर पावसाळ्याचा चिखल सोसलेल्या अशा चाकावर ड्युको रंगाचे अनेक थर असतात आणि त्यांच्याखाली गंज. टायरच्या आड लपलेला रिमचा भाग तर बहुधा सर्वात जास्त खाल्लेला असतो.

म्हणून खरे काम रंगाच्या आधीचे आहे. टायर, ट्यूब आणि बॅलन्सिंगची शिसे काढून चाक फिरवून पाहावे. ते डगमगत असेल किंवा बोल्टच्या छिद्रांभोवती, रिम आणि डिस्कच्या जोडावर तडा असेल, तर निर्णय तेव्हाच घ्यायचा. तडे गेलेले चाक बदलणेच बरे. कोटिंग तडा झाकते, बुजवत नाही. खड्डे लांबी भरून गुळगुळीत करण्याची गॅरेजची सवयही इथे चालत नाही. साधी लांबी भट्टीच्या उष्णतेत तडकते, शिवाय वीजवाहक नसल्याने तिच्यावर भुकटी नीट बसत नाही.

जुना रंग आणि गंज ब्लास्टिंगने काढतात. नदीच्या वाळूचा वापर टाळावा, कारण तिच्या धुळीतली सिलिका कामगाराच्या फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरता येते. ॲसिडच्या टाकीत बुडवण्याचा मार्ग स्वस्त दिसतो, पण रिम आणि डिस्क जिथे एकमेकांवर चढतात त्या फटीत ॲसिड अडकते आणि नंतर आतून गंज फोडते. उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागते. त्यामुळे ब्लास्टिंगनंतर फॉस्फेट प्रक्रिया आणि पहिला थर यांना उशीर चालत नाही.

पहिला थर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमरचा आणि वरचा पॉलिएस्टरचा असावा. इपॉक्सी गंजाला चांगला अडवतो, पण उन्हात खडूसारखा भुरभुरीत होतो. पॉलिएस्टर ऊन सोसतो. एकेक थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा भरतो, आणि हीच जाडी एका जागी घातक ठरते. चाक हबला टेकते तो पृष्ठभाग, मधले भोक आणि नट बसतात त्या तिरक्या खोबणी उष्णतारोधक टेप व प्लग लावून कोऱ्या ठेवाव्या लागतात. तिथे कोटिंग राहिले तर ते हळूहळू दबते आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात. झाकणे नीट असले, तरी पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. झाकण्याची कंटाळवाणी पायरी हमखास टाळली जाते, म्हणून ती कामाच्या पावतीवर लिहून घेतलेली बरी.

रिमच्या खोलगट कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोहोचत नसल्याने भुकटी कमी बसते. कुशल कारागीर तिथे व्होल्टेज कमी करून जवळून फवारतो. भट्टीचा आकडा हवेचा असतो, चाकाच्या धातूचा नव्हे. जाड धातू तापायला वेळ लागतो, म्हणून त्याचे तापमान ठरल्या अंशांवर पोहोचल्यावरच 10 ते 15 मिनिटे मोजायची. कच्चा राहिलेला थर सॉल्व्हंटच्या बोळ्याने घासला की मऊ पडतो.

ॲलॉय चाकांची गोष्ट वेगळी. त्यांना उष्णोपचाराने बळकटी दिलेली असते, त्यामुळे जास्त तापमान किंवा वारंवार भट्टीत घालणे धोक्याचे. कमी तापमानाची पावडर निवडावी. ओतीव धातूच्या छिद्रांतली हवा भट्टीत बाहेर पडून थरावर फोड आणते, म्हणून असे चाक आधी रिकामेच तापवून घेतात. तारांच्या चाकांवर सगळे एकत्र कोटिंग केले तर स्पोक ताणताना निपलजवळ थर फुटतो. भाग सुटे करून काम करणे हेच योग्य.

मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांना पावडरचा जाड, एकसारखा चकाकता थर खटकतो, आणि ते रास्तच आहे: कारखान्यात ही चाके पातळ द्रव रंगाने रंगवलेली असत. कमी चकाकीची सॅटिन पावडर हा मधला मार्ग. शासनाच्या 2021 च्या नियमांत व्हिंटेज म्हणून नोंदल्या जाणाऱ्या 50 वर्षांवरील वाहनाच्या चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. चाकांच्या रंगाचा त्यात प्रश्न येत नाही. प्रदर्शनातले परीक्षक मात्र तो पाहतात.

वापरात या थराला खरा धोका टायर चढवणाऱ्याच्या पहारीचा. रिमच्या कडेला टवका उडाला की ओल आत शिरते आणि गंज थराखालून पसरतो. असा टवका लगेच घासून त्यावर ब्रशने प्रायमर आणि जुळता द्रव रंग लावावा, कारण पावडरचा थर जागच्या जागी सांधता येत नाही. पुन्हा करायचे तर सगळे चाक सोलून पुन्हा भट्टीत घालावे लागते.