घरगुती ध्वनिमिश्रण आणि अभंगातील शब्दांची श्राव्यता

प्रास्ताविक

१९६७ साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ हा गाजलेला संच चार ट्रॅकच्या यंत्रांवर मुद्रित झाला. १९७९ मध्ये टास्कम कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ’ने तेच चार ट्रॅक साध्या कॅसेटवर आणले आणि २००० साली ‘ऑडॅसिटी’ ही मोफत संगणकप्रणाली आल्यानंतर ट्रॅकच्या संख्येची अडचण जवळजवळ संपुष्टात आली. आता एखाद्या भजनी मंडळाचे गायन राहत्या घरात, प्रत्येक वाद्याचा ट्रॅक स्वतंत्र ठेवून मुद्रित करता येते. हे ट्रॅक परस्परांशी जुळवून एकच श्राव्य रचना सिद्ध करणे म्हणजे ध्वनिमिश्रण, अर्थात मिक्सिंग. प्रस्तुत लेखात गायक, हार्मोनियम, पखवाज, टाळ व तानपुरा अशा संचातील अभंगाच्या मिश्रणाचा विचार केला आहे. मौखिक परंपरेने चालत आलेले, कोणत्याही छापील गाथेत न सापडणारे पद मुद्रित केले आणि त्यातील शब्दच कळले नाहीत, तर ते मुद्रण सुरेल असूनही अभ्यासकाच्या उपयोगाचे राहत नाही.

शब्द कोठे हरवतात?

एक नाद दुसऱ्या नादाला झाकतो आणि दोहोंची कंप्रता जितकी जवळची तितके हे झाकणे अधिक. अभंगात त्याचे दोन ठळक प्रकार आढळतात. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यत्वे उच्च कंप्रतांच्या भागात असते आणि धातूच्या टाळाचा झणत्कारही तेथेच पसरलेला असतो. दुसरीकडे, हार्मोनियम गायकाचीच स्वरावली त्याच्यामागोमाग वाजवीत असल्याने स्वरवर्णांचा प्रदेश व्यापते. अशा वेळी गायकाचा आवाज वाढविण्याचा मोह होतो. परंतु आवाज वाढला की हार्मोनियम दुबळी वाटते, ती वाढविली की पखवाज मागे पडतो, आणि ही चढाओढ अखेर आवाज फाटण्यापर्यंत जाते. त्यापेक्षा वाद्यांतून वजाबाकी करणे श्रेयस्कर. इक्वलायझरने हार्मोनियमचा १००० ते ३००० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवावा आणि टाळ एकूणच खाली आणावा. टाळ मंद झाला तरी त्याचा आघात कानाला लागतोच.

सर्व मंडळी एकाच खोलीत बसून गायली असतील तर मात्र हा उपाय तोकडा पडतो. गायकाच्या माइकमध्ये टाळ शिरलेला असतो व गायकाबरोबर तोही वाढतो. भजनाची लय चढत जाणारी असल्यामुळे यांत्रिक ठोक्यावर गाणे कृत्रिम होते. म्हणून प्रथम सर्वांचे एकत्रित कच्चे मुद्रण करावे आणि ते हेडफोनवर ऐकत प्रत्येकाने आपापला भाग वेगळा मुद्रित करावा.

गायकाच्या आवाजातील चढउतार आटोक्यात ठेवण्यासाठी कंप्रेसर वापरतात. ३:१ या प्रमाणात मर्यादेपेक्षा ६ डेसिबल वर गेलेला आवाज केवळ २ डेसिबल वर राहतो. तथापि चरणाच्या शेवटी श्वास संपत आल्याने दबलेले अक्षर हे उपकरण ओळखू शकत नाही. ते हातानेच, त्या जागेपुरते एक-दोन डेसिबलने उचलावे लागते. हे काम कंटाळवाणे खरे, पण प्रस्तुत लेखकाच्या मते मिश्रणाचा सर्वांत फलदायी तास हाच होय. सूर आपोआप ‘दुरुस्त’ करणारी प्रणाली मात्र टाळावी. समविभाजित बारा स्वरांवर बेतलेली तिची मोजपट्टी मींड आणि श्रुतीचे बारकावे सपाट करून टाकते.

मंदिराच्या सभामंडपाचा भास व्हावा म्हणून लांबलचक रिव्हर्ब देण्याची हौस पुष्कळांना असते. त्यामुळे एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. दीड सेकंदाच्या आतील, मूळ आवाजानंतर सुमारे ३० मिलिसेकंदांनी सुरू होणारा रिव्हर्ब दिल्यास व्यंजन आधी स्वच्छ पोहोचते आणि मागाहून अवकाश जाणवतो. टाळाला मुळातच दीर्घ अनुनाद असतो. त्याला रिव्हर्बची गरज नाही.

खोली आणि कान

घरातील खोली ही निष्पक्ष नसते. समोरासमोरील भिंतींत ३ मीटर अंतर असल्यास साधारण ५७ हर्ट्झ व त्याच्या पटीतील कंप्रतांना स्थिर तरंग निर्माण होतात. त्यामुळे पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा एका जागी अतोनात, तर दोन पावलांवर जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीवर अंड्यांचे खोके चिकटवून हा दोष जात नाही; त्यासाठी बरीच जाडी लागते. खोलीत जागा बदलून आणि हेडफोनवर ऐकून निर्णय ताडून पाहणे हाच व्यवहार्य मार्ग. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही एकदा ऐकावे. तेथे खालच्या कंप्रता फारशा उमटत नाहीत आणि डावे-उजवे हा भेदही बहुधा उरत नाही. टाळ एका बाजूला सरकवून शब्दांना मोकळी केलेली जागा तेथे पुन्हा बुजते.

कानही फसवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, कमी आवाजात आपल्याला खर्जाचे नाद प्रमाणाबाहेर क्षीण भासतात. शिवाय दोन नमुन्यांपैकी मोठ्या आवाजाचा नमुना सरसच वाटतो. म्हणून तुलना करताना दोहोंची पातळी सारखी करावी. केवळ मोठेपणासाठी अखेरीस लिमिटर दाबण्यात तर काहीच लाभ नाही. ‘स्पॉटिफाय’वर ऐकवताना अशी गाणी सर्वसाधारणपणे −१४ एलयूएफएस या पातळीपर्यंत खाली आणली जातात.

याहून मोठी फसगत स्मरणाची आहे. मिश्रण करणाऱ्याने तो अभंग शंभर वेळा ऐकलेला असतो. न उमटलेले शब्दही त्याचे मन भरून काढते. म्हणून ते पद अपरिचित असलेल्या व्यक्तीला मिश्रण ऐकवून शब्द लिहून काढावयास सांगावे. जेथे तिची लेखणी अडेल ती जागा नोंदवून पुन्हा त्याच क्षणाकडे वळावे. बहुतेक वेळा तेथे टाळ नाहीतर हार्मोनियम सापडते.

तयार मिश्रणाबरोबर मूळ ट्रॅकही जतन करावेत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाचा चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक सुमारे ३५ एमबी भरतो. पाच ट्रॅकना पावणेदोनशे एमबी पुरतात. सोबत गायकाकडून तपासून घेतलेली पदाची संहिता, मुद्रणाचा दिनांक व स्थळ यांची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.