हिवाळ्यातील चंचलता आणि संगीताचा तास

अजिंठ्याच्या पठारावरचा हिवाळा एकसारखा नसतो. उत्तरेकडून कोरडे वारे वाहत असले की पहाटे वसतिगृहाच्या फरशीवर पाय ठेववत नाही आणि दुपारी त्याच अंगणात स्वेटर काढून ठेवावा लागतो. मध्येच आभाळ भरून येते, रात्रीचा गारवा ओसरतो, हवा दमट आणि जड होते. कधी अवकाळी सरीही कोसळतात. नेमक्या याच दिवसांत अधीक्षकांच्या नोंदवहीत भांडणे, विनाकारण रडणे, वर्गातून उठून जाणे यांच्या नोंदी वाढतात.

त्याचे खापर एकट्या हवेवर फोडता येणार नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेले आईवडील हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. ज्यांची घरी थोडी शेती आहे, त्यांना आभाळ आले की गावाकडच्या हरभऱ्याची काळजी लागते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मराठवाड्यातील उभी रब्बी पिके कशी झोपविली, हे या मुलांनी घरी वारंवार ऐकलेले आहे. बदलती हवा हे निमित्त होते. अस्वस्थता आधीपासूनच आत असते. म्हणून तिला खोडकरपणा समजून शिक्षा करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

अशा वेळी संगीताचा तास उपयोगी पडतो, परंतु तो वेळापत्रकाप्रमाणे एकाच ठरावीक रीतीने घेतला तर पडत नाही. चुळबुळणाऱ्या मुलांपुढे एकदम संथ आलाप ठेवला की ती अधिकच उसळतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ इरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेले तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते: ऐकणाऱ्याची मनःस्थिती जशी असेल तशाच संगीताने आरंभ करावा आणि मग हळूहळू तिला इष्ट दिशेला न्यावे. तथागतांनी सोण स्थविरांना दिलेला वीणेचा दृष्टान्त आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तार अति ताणली तरी वाजत नाही आणि सैल सोडली तरी वाजत नाही. गृहस्थाश्रमात सोण स्वतः वीणावादनात निपुण होते, म्हणूनच त्यांना ही भाषा कळली. शिक्षकानेही मुलाला कळणारीच भाषा निवडावी.

कोरड्या, थंड पहाटे आम्ही गायनाने सुरुवात करीत नाही. गळा आखडलेला असतो, अंगही आखडलेले असते. अंगणात ऊन येते त्या बाजूला मुलांना उभे करून पाच-सात मिनिटे केरव्याच्या ठेक्यावर पावले आणि टाळ्या, मग तोंड मिटून गुणगुणणे आणि त्यानंतरच शब्द. पट्टी रोजच्यापेक्षा एक-दोन स्वर खाली धरावी. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांसाठी तर हे आवश्यकच आहे. बासरीची अडचण निराळी. हवेतील ध्वनीचा वेग १० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ३० अंशांला सुमारे ३४९ मीटर असतो. त्यामुळे गार हवेत बासरी उतरते, हार्मोनियमच्या सुरात मात्र फारसा फरक पडत नाही. दोन्ही एकत्र वाजविली की चांगल्या कानाचे मूल वैतागते आणि आपण त्यालाच हट्टी म्हणतो! बासरी थोडा वेळ शालीत ठेवावी, आवाज न काढता फुंकून गरम करावी.

ढगाळ दिवशी प्रकार उलटा असतो. चामडे दमट हवेत सैल पडते, ढोलकी बद्द वाजते. काही मुले पेंगतात, काही चिडचिड करतात. चिडलेल्यांना प्रथम जलद ठेका द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांत लय टप्प्याटप्प्याने उतरवीत दीर्घ स्वरांवर आणावे. त्यानंतर आनापानसतीला बसविले तर ती बसतात. पत्र्यावर पाऊस वाजू लागला तर त्यावर मात करण्यासाठी ओरडून गाऊ नये. पावसाचाच ठेका बाकावर बोटांनी धरावयास सांगावे.

हलगीविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. चुळबुळत्या हातांना हलगीइतके दुसरे वाद्य मानवत नाही, आणि थंडीत ती शेकताना मुले आपोआप भोवती गोळा होतात. तरीही काही पालकांना ती शाळेत नको असते. गावकीची सक्तीची कामे झुगारताना ज्यांच्या पूर्वजांनी वाजविणेही सोडले, त्यांचा हा आक्षेप इतिहासातून आलेला आहे. त्याला मागासलेपण म्हणणे चूक होय. परंतु १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन त्यातून प्रबोधन केले, हाही इतिहासच आहे. म्हणून आम्ही हलगी ठेवतो. मात्र जात वा घराणे पाहून ती कोणाच्याही हाती देत नाही. पाळी सर्वांची, मुलींचीही.

संगीत धम्माला वर्ज्य आहे, अशीही शंका काही उपासक घेतात. नृत्य, गीत, वादन यांपासून विरतीचे शील भिक्खूंसाठी आणि उपोसथाच्या अष्टशीलात आहे, पंचशीलात नाही. उपोसथाच्या दिवशी आम्ही वाद्ये बंदच ठेवतो. इतर दिवशी शंका घेणाऱ्यांनी लेणे क्रमांक १ मधील महाजनक जातकाचे चित्र पाहावे. नर्तकीभोवती बासरी व तालवाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया तेथे रंगविलेल्या आहेत. स्वतः बाबासाहेबही उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते.

या सर्वास आम्ही उपचार म्हणत नाही. जे मूल रात्र-रात्र झोपत नाही, जेवण टाकते वा स्वतःला इजा करून घेते, त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडेच न्यावे लागते.

सर्वांत अवघड वेळ रविवारच्या संध्याकाळची. उसाच्या फडावरून पालकांचे फोन येऊन गेलेले असतात, बाहेर अंधार लवकर पडलेला असतो. त्या वेळी आईवरचे गाणे शिक्षकाने स्वतःहून काढू नये. मुलांनी मागितले तर म्हणू द्यावे. एका शिक्षकाने पेटीवर बसावे, दुसऱ्याने मुलांमध्ये.